मन पळणारच, परत आणायला शिका

कल्याण किंवा डोंबिवली स्थानकात ‘ध्यान’ हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतो. ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ ही घोषणा झाली की माना वर होतात आणि डोळे इंडिकेटरकडे वळतात. मराठी घोषणेत त्याच जागी ‘लक्ष’ येते. एरवी मात्र ध्यान म्हटले की डोळ्यांसमोर हिमालयातली गुहा, पद्मासन आणि विचारशून्य मन येते. हे आपल्याला जमणारे नाही, असे ठरवून सामान्य माणूस तो विषय तिथेच सोडून देतो. वैद्यकशास्त्राने ज्या साध्या ध्यानाचा अभ्यास केला आहे, ते मात्र गुहेपेक्षा फलाटावरच्या घोषणेला जास्त जवळचे आहे. एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यायचे, लक्ष उडाले की ते पुन्हा तिथे आणायचे, एवढीच त्याची रीत.

या भागातल्या नोकरदारांना ताणाची व्याख्या सांगावी लागत नाही. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन रोज शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. त्याआधी पाणी भरणे, डबे आणि मुलांच्या शाळेची घाई असते. त्यानंतर फलाट बदलल्याची घोषणा, चुकलेली फास्ट लोकल, कार्यालयातले हजेरीचे यंत्र आणि घराचा हप्ता. नोकरी करणाऱ्या स्त्रीची दुसरी पाळी तर रात्री घरी पोहोचल्यावर सुरू होते.

अशी माणसे दवाखान्यात ‘ताण आहे’ असे म्हणत सहसा येत नाहीत. पित्त वाढले आहे, मान आखडली आहे, डोके जड आहे, पहाटे तीनला जाग येते, मुलांवर उगाच ओरडले जाते, अशा तक्रारी घेऊन ती येतात. तपासताना अनेकदा रक्तदाबही वाढलेला सापडतो.

ताणात शरीर काय करते?

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया मांडली. धोका दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, श्वास उथळ आणि जलद होतो, पचन मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते आणि रक्तातली साखरही चढते. समोर वाघ असेल तर ही सारी तयारी जीव वाचवते. धोका टळला की शरीर पूर्वपदावर येते.

अडचण अशी, की शरीराला वाघ आणि वरिष्ठांचा संदेश यांतला फरक फारसा कळत नाही. लोकल चुकली तरी तीच घंटा वाजते. लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, म्हणून ती चढलेली अवस्था तशीच रेंगाळते. घरी येऊन जेवायला बसल्यावरही खांदे उचललेले आणि जबडा आवळलेला असतो, डोक्यात दुपारचा वाद चालू असतो. घटना दहा मिनिटांची असते, पण मन ती दिवसभर पुन्हा पुन्हा घडवते आणि शरीर दर वेळी तिला खरी मानून प्रतिसाद देते. ध्यानाचा उपयोग नेमका या रेंगाळणाऱ्या भागावर होतो. चुकलेली गाडी त्याने परत येत नाही, पण ती रात्रीपर्यंत डोक्यातून धावत राहणे कमी होऊ शकते.

परळमधला एक अभ्यास

या विषयातले एक जुने आणि महत्त्वाचे काम याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, परळच्या केईएम रुग्णालयात झाले आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सहकाऱ्यांमध्ये डॉ. विनेकर होते. ते लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेशी संबंधित होते. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्याची परंपरा होती.

अभ्यासातले शवासन म्हणजे नुसते पडून राहणे नव्हते. रुग्णाने उताणे झोपून पोटाने संथ श्वास घ्यायचा, श्वास सोडल्यावर किंचित थांबायचे आणि लक्ष नाकपुड्यांवर ठेवायचे. आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी उबदार, ही जाणीव धरून राहायचे. हा सराव रोज अर्धा तास चाले. तो नीट जमायला बहुतेकांना सुमारे तीन आठवडे लागले. औषध न घेणाऱ्या गटात रक्तदाब उतरला. औषधे चालू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा औषधाचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करता आला. सगळ्यांना सारखा फायदा झाला नाही, हेही संशोधकांनी नोंदवले. आजच्या निकषांवर हा अभ्यास लहान ठरेल. तरीही धार्मिक चौकटीबाहेर काढून, रक्तदाबमापक लावून ही गोष्ट तपासण्याचे ते धाडसी पाऊल होते.

पुढे इंग्लंडमध्ये क्रॉयडन येथे डॉ. चंद्रा पटेल यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शिथिलीकरण आणि ध्यान शिकवून १९७३ आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकेत हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी या अवस्थेला ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’, म्हणजे शिथिलतेची प्रतिक्रिया, असे नाव दिले. ताणाची घंटा शरीरात जशी आहे, तशी ती बंद करणारी कळही शरीरातच आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्याने त्रस्त रुग्णांसाठी ध्यानवर्ग सुरू केला. आज जगभर ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे तिथून आले आहे.

श्वासच का?

हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन ही कामे आपल्या इच्छेने चालत नाहीत. ‘ठोके कमी हो’ असे म्हणून ते कमी होत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवले तर आपल्या हातातही येतो. म्हणून त्या बंद खोलीत शिरायला तो एक सोयीचा दरवाजा आहे. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. उच्छ्वास संथ आणि लांब झाला की मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूचा शांतवणारा प्रभाव वाढतो.

प्रौढ माणूस एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. इटलीतले डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि सहकारी यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर निरीक्षण मांडले. २३ निरोगी व्यक्तींना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हूम’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण लय एक.

आपल्याकडच्या नामजपाकडे, संथ आरतीकडे किंवा कर्जत-कसारा लोकलमधल्या भजनाकडे या दृष्टीने पाहता येईल. ओळ संपेपर्यंत उच्छ्वास लांबतो आणि लक्ष शब्दांवर राहते. म्हणून ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी श्वासाऐवजी नाम घेतले तरी चालेल. ज्यांची नाही, त्यांना नुसता श्वासही पुरतो.

दहा मिनिटांची पद्धत

यासाठी आसन, उदबत्ती, महागडे अ‍ॅप, काहीही लागत नाही. एक खुर्ची आणि घड्याळ पुरे.

पहिले मिनिट बसण्याचे. पाय जमिनीवर टेकवून, पाठ ताठ पण सैल ठेवून खुर्चीत बसावे. गुडघे दुखत असतील तर मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. मोबाइलवर दहा मिनिटांचा हळू आवाजातला गजर लावून तो उलटा ठेवावा. डोळे मिटावेत किंवा नजर जमिनीवर स्थिर ठेवावी. मग कपाळ, जबडा, खांदे आणि हाताची बोटे एकेक करून सैल सोडावीत. जबडा किती आवळलेला होता, हे बहुतेकांना तेव्हाच कळते.

पुढची दोन मिनिटे मोजक्या श्वासाची. मनात चार आकडे म्हणत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे म्हणत सोडावा. एक आकडा एक सेकंदाचा धरला तर एक श्वास दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. छाती जोराने फुगवू नये, पोट हलकेच वर-खाली झाले पाहिजे. दम लागला किंवा चक्कर आल्यासारखे वाटले तर मोजणे सोडून नेहमीसारखा श्वास घ्यावा. गर्भवती, दमेकरी, हृदयरोगी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार स्वतःहून करू नयेत.

त्यानंतरची सहा मिनिटे नुसत्या निरीक्षणाची. मोजणे थांबवावे. श्वास जसा येतो तसा येऊ द्यावा आणि लक्ष नाकपुड्यांवर ठेवावे. आत जाणारी हवा गार, बाहेर येणारी उबदार. थोड्याच वेळात मन पळेल. उद्याची भाजी, विजेचे बिल, नणंदेचे बोलणे, काहीही आठवेल. ते लक्षात आले की मनात ‘विचार’ एवढेच म्हणावे आणि पुन्हा नाकपुडीवर यावे. स्वतःवर चिडू नये. हे वीस वेळा झाले तर वीस वेळा परत यावे.

शेवटचे मिनिट बाहेर येण्याचे. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकावी. डोळे उघडावेत आणि सावकाश उठावे.

‘माझे मन लागतच नाही’

ध्यान सोडून देणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते आणि ती एका गैरसमजातून येते. मन रिकामे होणे हे या सरावाचे उद्दिष्ट नाही. मेंदूला काम नसले की तो भूतकाळ आणि भविष्यकाळ चाळतो, तो त्याचा स्वभाव आहे. व्यायामशाळेत वजन उचलून खाली ठेवले जाते आणि पुन्हा उचलले जाते, तेव्हा दंड बळकट होतो. इथे मन पळणे, ते कळणे आणि त्याला परत आणणे ही एक उचल. ज्याचे मन वीस वेळा पळाले आणि वीस वेळा परत आले, त्याचा व्यायाम वीस वेळा झाला. पुढे कोणी खोचक बोलले की उत्तर तोंडातून बाहेर पडण्याआधीचा क्षण लक्षात येऊ लागतो. सरावाचे फळ बहुधा तिथे दिसते, आसनावर नाही.

‘झोप लागते’ ही दुसरी तक्रार. याचा अर्थ अनेकदा झोप अपुरी आहे एवढाच असतो. अशा माणसाने आधी झोपेचा तास वाढवावा. जेवणानंतर लगेच बसू नये. ‘वेळच नाही’ ही तिसरी तक्रार या भागात खोटी म्हणता येत नाही. घरी पोहोचल्यावर चपला काढून हातपाय धुतल्यानंतरची दहा मिनिटे अनेकांना जमतात. सकाळी सगळे उठण्याआधीची वेळ काहींना सोयीची वाटते. दहा जमत नसतील तर पाचांनी सुरुवात करावी, पण रोज. रविवारी एक तास आणि उरलेला आठवडा कोरडा, याचा फारसा उपयोग नाही. घरातल्या गृहिणीला ही दहा मिनिटे मिळावीत म्हणून त्या वेळेपुरता गॅस दुसऱ्या कोणीतरी सांभाळणे, हाही त्या घराच्या आरोग्याचाच भाग आहे.

बसायला जागा मिळाली असेल, अगदी चौथ्या सीटवर अर्धे टेकायला मिळाले असेल, तरी लोकलमध्ये हा सराव करता येतो. उभे असताना डोळे मिटू नयेत. उघड्या डोळ्यांनी तीन संथ श्वास घ्यावेत, तेवढे पुरे. दाराशी, फलाटाच्या कडेला किंवा वाहन चालवताना ध्यानाचा कोणताही प्रयोग करू नये.

उपयोग किती आणि कुठवर?

ध्यानाबद्दल बाजारात बरेच अतिरंजित दावे आहेत, म्हणून मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगायला हव्यात. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ध्यानाने चिंता, उदासी आणि वेदना कमी होण्यास मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. फायदा लहान ते मध्यम होता. व्यायाम, औषधे किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचे मात्र दिसले नाही. २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग एस्सिटालोप्राम या प्रचलित औषधाच्या तोडीस तोड ठरला. पण तिथे प्रशिक्षित शिक्षक, दर आठवड्याचा वर्ग आणि रोज पाऊण तासाचा सराव होता. दहा मिनिटांकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. रोजच्या ताणाची धार कमी होणे, झोपेआधी मन थोडे निवणे, चिडचिड आवरणे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सर्वांत धोक्याची चूक रक्तदाबाच्या गोळीबाबत होते. चाळिशी-पन्नाशीचा माणूस ध्यानवर्गाला जाऊ लागतो, त्याला बरे वाटते, डोके हलके होते आणि तो गोळी बंद करतो. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतच नाही. त्यामुळे बरे वाटणे म्हणजे रक्तदाब उतरणे नव्हे. काही महिन्यांनी तोच माणूस अर्धांगवायूचा झटका घेऊन रुग्णालयात येतो. केईएमच्या अभ्यासातही औषधे कमी झाली ती मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहत असेल, तर ध्यान औषधासोबत करावे, औषधाऐवजी नाही. रक्तदाब मोजण्यासाठी कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही पालिकेची रुग्णालये आहेतच. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसली तर ती ताणाची समजून श्वास मोजत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे, जगणे नकोसे होणे किंवा दारूवाचून झोप न येणे, हे रोजच्या ताणापलीकडचे आहे. ज्यांना भास होतात किंवा जुना आघात डोळे मिटताच उसळून येतो, त्यांनी लांबलचक मौन शिबिरे स्वतःच्या मनाने करू नयेत, कारण त्रास वाढू शकतो. मदत मात्र दूर नाही. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात उपचार घेता येतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. सरावासाठी सोबत हवी असेल तर ठाण्यातले अंबिका योग कुटीर आणि घंटाळी मित्र मंडळ यांनी गेली कित्येक दशके सामान्य माणसाला योग शिकवला आहे.

काही ताण डोळे मिटून जाणारे नसतात, हेही मान्य करायला हवे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. त्यावर उत्तर जादा गाड्या आणि सुरक्षित डबे हेच आहे. प्रवाशांनी शांत राहायला शिकावे, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. ध्यान करणाऱ्याने तक्रार करणे सोडावे असे कुठेही लिहिलेले नाही. उलट थाऱ्यावर असलेले मन आपले म्हणणे अधिक नेटाने मांडू शकते.

सुरुवात करणाऱ्याने एक छोटी वही ठेवावी. रोज बसलो की नाही, झोप कशी लागली आणि दिवसात किती वेळा चिडलो, एवढ्याच तीन नोंदी कराव्यात. रक्तदाब असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो मोजून त्याच वहीत लिहावा. पहिले काही दिवस काहीच घडत नाही असे वाटेल. परळच्या त्या रुग्णांनाही सराव जमायला तीन आठवडे लागले होते. तेवढा वेळ द्यावा आणि मग वही उघडून, जमा-खर्च पाहून, पुढे चालू ठेवायचे की नाही ते ठरवावे.